लोइस उभी राहिली तो रविवार

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कुणी नवीन बाई भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, मिस्टर कुठे असतात. मिस्टर नाहीत म्हटलं की दुसरा, मग तुम्ही काय करता. मी पाळकीण आहे, असं मी सांगायची. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत हा शब्द रोजचा. चर्चची मंडळी सांभाळणारा तो पाळक. पण एका इंजिनिअर काकांनी एकदा अगदी आस्थेनं विचारलं होतं, कुत्री पाळता का म्हणून. मग मी सावकाश सांगितलं, उपासना चालवते, लग्नं लावते, आजाऱ्यांना भेटते, मयताला जाते. ‘म्हणजे लेडी भटजी,’ असं म्हणून काकांनी विषय संपवला. मला ते फारसं चुकीचं वाटलं नाही.

आता मी भाचीकडे अ‍ॅशबर्नला राहते. कामातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मंडळाच्या या अंकासाठी कामाबद्दल लिहा असं सांगणं आलं, तेव्हा लग्नांतल्या गमती लिहाव्यात असं आधी मनात होतं. पण लिहायला बसले आणि समोर लोइसच आली. म्हणून तिच्याबद्दलच लिहिते. तिला जाऊनही आता खूप काळ लोटला. तिचं, तिच्या नवऱ्याचं आणि तिच्या मैत्रिणीचं, एड्नाचं, नाव मी बदललं आहे. गावाचं नाव लिहीत नाही.

आधी धंद्याची थोडी माहिती द्यायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी क्वेकरांची पाळकीण होते. हे ख्रिस्ती लोकच, पण यांच्याकडे बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजनातली भाकर-द्राक्षारस नाही, वेदी नाही. प्रत्येक माणसाच्या आत देवाचा थोडा उजेड असतो आणि तो ऐकायला गप्प बसावं लागतं, एवढंच मुख्य. सगळी सभा, म्हणजे त्यांची मंडळी, बाकांवर शांत बसते. एखाद्याला आतून वाटलं की तो उभा राहतो, बोलतो, खाली बसतो. त्याला कुणी उत्तर द्यायचं नाही. त्याचे शब्द शांततेत मुरू द्यायचे. बऱ्याच सभांना पाळक नसतोच, पण मध्यपश्चिमेकडच्या काही सभा पाळक ठेवतात. तिथे एखाददुसरं भजन, पाळकाचं छोटं प्रवचन आणि मग लांबलचक मौन, अशी उपासना असते.

दुसरी गोष्ट म्हणजे हे लोक शस्त्राला हात लावत नाहीत. लढाईवर जात नाहीत, त्यासाठी तुरुंगात जातात. आणि तिसरी, सभेत मतदान नसतं. कुठलाही निर्णय सगळ्यांचं मन एक होईपर्यंत होत नाही. एकानं जरी नकार दिला तरी विषय पुढच्या महिन्यावर जातो.

मी शिकायला म्हणून अमेरिकेत आले होते. सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, असताना एका रविवारी मैत्रिणीबरोबर अशा सभेला गेले आणि तिथल्या शांततेत पहिल्यांदाच मला माझ्या आईसारखं रडू आलं, आवाज न करता. मग तिथलीच झाले. या लोकांत बाईनं उपदेश करायला पहिल्यापासून आडकाठी नव्हती, हेही एक कारण. पुढे मी स्त्रीवादी धर्मशास्त्र शिकवायलाही लागले, आठवड्यातून एक वर्ग. हे काय असतं असं विचारणाऱ्यांना मी सांगायची, शास्त्र पुरुषांनी लिहिलं, पुरुषांनी समजावलं, बायकांच्या वाट्याला त्यातलं सोसणं तेवढं आलं. तेच शास्त्र बायकांच्या जागेवर बसून पुन्हा वाचायचं. वर्गात हे बोलायला सोपं होतं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मला मिशिगनमधल्या एका लहान गावातल्या सभेनं बोलावलं. डेट्रॉइटपासून काही तासांवर, बीट आणि मक्याच्या शेतांमधलं गाव. पांढरं लाकडी सभाघर, शेजारी पाळकासाठी सभेनं दिलेलं घर, मागे कबरस्तान. गावात मी एकटीच सावळी आणि एकटीच साडी नेसणारी. लोकांनी मला फार चांगलं वागवलं. पहिल्या हिवाळ्यात माझ्या दारापुढचा बर्फ कोण काढून जातं हे मला बरेच दिवस कळलंच नव्हतं. तो वॉल्टर होता.

वॉल्टर सभेतला सगळ्यांत आदराचा माणूस, सभेच्या वडिलांपैकी, म्हणजे नेमलेल्या वडीलधाऱ्यांपैकी, एक. महायुद्धात बंदूक घ्यायला नकार देऊन तरुणपणीच तुरुंगात गेलेला. पुढे गावच्या शाळेत गणित शिकवायचा, त्यामुळे अर्धं गाव त्याचे विद्यार्थी. उंच, वाकलेला, बोलणं इतकं हळू की ऐकायला पुढे झुकावं लागे. अण्वस्त्रांच्या विरोधात दर शनिवारी कोर्टाच्या पायऱ्यांजवळ तो फलक घेऊन उभा राहायचा, बर्फ असो की ऊन. एल साल्वादोरमधून जीव वाचवून पळून आलेल्या एका कुटुंबाला सभेनं लपवून ठेवावं, हा विषयही त्यानंच आणला होता. ते बेकायदेशीर होतं. पकडले गेलो असतो तर तुरुंग होता. तरी एका संध्याकाळी, एकाच बैठकीत, सगळ्या सभेचं मन एक झालं. त्या दिवशी या लोकांचा मला किती अभिमान वाटला, ते मी विसरलेले नाही.

लोइस त्याची बायको. ठेंगणी, पांढऱ्या केसांचा अंबाडा, कायम लांब बाह्यांचा ब्लाउज. सभेत ती वॉल्टरच्या शेजारी बसायची आणि कधीच बोलायची नाही. स्वयंपाकघरात मात्र तिच्या हाताला विसावा नसायचा.

माझं तिसरं वर्ष असेल. मार्चमधल्या एका सकाळी ती माझ्या दाराशी आली. तिच्याकडे राहिलेली माझी काचेची थाळी परत द्यायला आले म्हणाली. ती थाळी माझी नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं. मी चहा ठेवला. आलं घातलेला चहा तिला आवडायचा. ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. माझ्या पेशात गप्प माणसाला घाई करायची नसते, म्हणून मीही बसून राहिले. शेवटी तिनं डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर केली. मनगट सुजून काळंनिळं झालं होतं. वर कोपराकडे जुने, पिवळे पडलेले वळ होते.

पडलीस का, असं मी विचारलं नाही. कुणी केलं, असं विचारलं.

‘वॉल्टरनं,’ ती म्हणाली. मग जणू त्याची बाजू सावरावी तशी म्हणाली, ‘तो कधी शिवी देत नाही. मारतानाही मला दी म्हणतो.’

हे ‘दी’ प्रकरण मराठीत समजावणं सोपं आहे. इंग्रजीत पूर्वी तू आणि तुम्ही असे दोन वेगळे शब्द होते. क्वेकरांनी हट्टानं राजापासून नोकरापर्यंत सगळ्यांना तूच म्हणायचं ठरवलं, कारण देवापुढे सगळे सारखे. बाकीच्या जगानं तो शब्द टाकून दिला, पण जुन्या क्वेकर घरांत नवरा-बायको, मुलं एकमेकांना अजून ‘दी’ म्हणायची. समतेचा शब्द. तो शब्द उच्चारत तो तिचा हात पिरगाळायचा.

मी तिला गाडीत घालून काउंटी हॉस्पिटलमध्ये नेलं, कारण तिथे नलूताई होती. डॉक्टर नलिनी नागपूरची, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, इमर्जन्सीत काम करायची. त्या सगळ्या भागात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. दिवाळीला तिच्याच गाडीतून मी डेट्रॉइटच्या मंडळात जायची. तिनं लोइसचा एक्स-रे काढला, प्लास्टर घातलं, तिच्याशी इंग्रजीत हळुवारपणे बोलली. मग मला कॉरिडॉरमध्ये घेऊन मराठीत म्हणाली, ‘सुमन, हे मनगट पहिल्यांदा फ्रॅक्चर झालेलं नाहीये. बरगड्यासुद्धा जुन्या जुळलेल्या दिसतात. तू पोलिसांना फोन कर. प्रार्थना मग कर.’

फोन केला. शेरीफच्या ऑफिसातून एक तरुण डेप्युटी आला. तो वॉल्टरचा विद्यार्थी निघाला. त्यानं लोइसला विचारलं की तक्रार करायची आहे का, आणि ती माझ्याकडे बघत गप्प राहिली तेव्हा त्याचा चेहरा मोकळा झाला. घरी जाऊन वॉल्टरला तो एवढंच म्हणाला, की सर, जरा बाहेर फेरी मारून या, डोकं शांत होईल. हे मला पुढे लोइसनं सांगितलं. त्या काळी त्या भागात पोलिसांचा उपाय तो तेवढाच असायचा.

लोइसला माझ्याकडे राहा म्हटलं, पण ती घरी परत गेली. मुलीच्या, रूथच्या, बाळंतपणासाठी कॅलिफोर्नियाला जायचं होतं, तोवर काही गडबड नको म्हणाली.

मी वॉल्टरला भेटायला गेले. पाळकाच्या कामात हा भाग असतो, ज्याच्याबद्दल ऐकलं त्याच्या समोर जाऊन बसायचं. तो मागच्या शेडमध्ये पक्ष्यांसाठी लाकडी घरटी बनवत होता. तो सगळं नाकारेल, चिडेल, अशी मी तयारी केली होती. त्यानं नाकारलं नाही. रंधा बाजूला ठेवला, बाकावर बसला आणि रडायला लागला. आयुष्यभर याच्याशी झगडतो आहे म्हणाला. तुरुंगात असतानाही आपल्या आतला राग आपल्याला दिसत होता, त्याच रागाला घाबरून आपण शांतीच्या वाटेला लागलो, असंही म्हणाला. देवानं आपल्याला ही परीक्षा का दिली ते कळत नाही. माझ्यासाठी प्रार्थना कर, असं त्यानं मला विनवलं.

त्याचे अश्रू खोटे नव्हते, हे मला आजही वाटतं. पण घरी चालत येताना माझ्या लक्षात आलं, की एवढ्या सगळ्या बोलण्यात तो होता, देव होता, त्याचा राग होता. लोइस कुठेच नव्हती. जणू तिचं मनगट ही त्याच्या आणि देवाच्या मधली काहीतरी बाब होती. पुढे वर्गात मी पापाबद्दल जे शिकवलं ते बहुतेक सगळं त्या वाटेवर मला सुचलेलं आहे. त्या वेळी मात्र मी फक्त संतापले होते.

मी त्याला सांगितलं होतं की मी प्रार्थना करीन, पण आधी त्यानं सभेच्या वडीलपदावरून उतरावं, वेगळं राहावं आणि उपचार घ्यावेत. तो विचार करतो म्हणाला.

एड्नाशी बोलले. ती सभेतली वयानं सगळ्यांत मोठी बाई, स्वयंपाकघराची मुखत्यार, लोइसची जुनी मैत्रीण. मला वाटलं होतं तिला धक्का बसेल. तिनं डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाली की आमच्या पिढीचे पुरुष कठीणच असतात. लोइसनं धीर धरावा. क्षमा करण्यातच आपली ताकद असते. मी म्हटलं, क्षमा केल्यावर पुढच्या महिन्यात पुन्हा प्लास्टर घालावं लागलं तर? एड्नानं मला बरणीभर लोणचं दिलं आणि दारापर्यंत पोचवायला आली.

त्यानंतर काही आठवडे गेले. लोइस कॅलिफोर्नियाहून परत आली. मे महिन्यातला रविवार होता, सभाघराच्या खिडक्या उघड्या होत्या. मी छोटं प्रवचन संपवून बसले आणि मौन सुरू झालं. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता, तो बंद झाला. आणि लोइस उभी राहिली.

मी आधी समजले तिला बरं वाटत नाहीये. मग तिनं समोरच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि बोलली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

‘वॉल्टर मला मारतो. आमचं लग्न झालं तेव्हापासून मारतो. तो एक दिवस मला मारून टाकेल असं मला वाटतं. मला तुमची मदत हवी आहे.’

ती खाली बसली. वॉल्टरच्या शेजारीच, कारण तिची जागा तीच होती.

मी वर सांगितलं की सभेत कुणी बोललं तर उत्तर द्यायचं नसतं. त्या शांततेवर मी जीव टाकला होता, तिच्यासाठी सगळं सोडून इथे आले होते. त्या दिवशी ती शांतता मी नव्यानं पाहिली. कुणी वळून बघितलं नाही. कुणी खोकलं नाही. लोकांनी डोळे मिटून घेतले होते आणि चेहरे अगदी भक्तीचे होते. मी उठायचं ठरवलं. काय म्हणायचं ते जुळवत होते. पण उपासना संपवण्याची एक रीत असते. त्यासाठी नेमलेला वडील शेजारच्या माणसाचा हात हातात घेतो, मग सगळे एकमेकांचा हात हातात घेतात आणि उपासना संपते. त्या महिन्यात ते काम वॉल्टरकडे होतं.

त्यानं उजवीकडे वळून शेजारच्या माणसाशी हात मिळवला. त्या माणसानं पुढच्याशी. हस्तांदोलन बाकामागून बाक पसरत गेलं. लोक उठले. नेहमीसारखी कुजबुज सुरू झाली, हवेबद्दल, पेरणीबद्दल. मागच्या खोलीत कॉफी उकळली होती. मी गर्दीतून लोइसपर्यंत पोचले तेव्हा एड्ना तिच्यासमोर बशी धरून उभी होती. ‘लोइस, अक्रोडाचा केक आहे. घे थोडा.’

लोइसनं बशी घेतली. मी बशी काढून ठेवली, तिला हाताला धरलं आणि माझ्या घरी घेऊन आले. ती पुन्हा त्या घरात राहायला गेली नाही.

त्यानंतर जे झालं ते सांगायला कंटाळवाणं आहे, पण माझ्या कामाचा बराचसा भाग तसाच असतो. वॉल्टरनं वडीलपद सोडावं आणि सभेनं लोइसच्या राहण्याची सोय करावी, हा विषय मी महिन्याच्या बैठकीत मांडला. बैठक चालवणारी बाई मनानं चांगली होती. ती प्रत्येक वेळी म्हणायची, आपण दोघांनाही प्रकाशात धरू या. हा क्वेकरांचा आवडता शब्दप्रयोग, कुणासाठी तरी मनापासून प्रार्थना करणं. एकजण म्हणाला, नवरा-बायकोच्या मधे सभेनं पडू नये. दुसऱ्यानं वॉल्टरच्या तुरुंगवासाची आठवण काढली. तिसऱ्यानं विचारलं, हे सगळं बाहेर गेलं तर त्या निर्वासित कुटुंबाचं काय होईल, त्यांच्यामागे तर वॉल्टरच उभा आहे. हा प्रश्न खरा होता, आणि म्हणूनच त्याच्या आड लपणं सोपं होतं.

मी एकदाच जरा चढ्या आवाजात बोलले. म्हटलं, परक्या देशातल्या, कधी न पाहिलेल्या माणसांना मारहाणीपासून वाचवायला तुम्हाला एक संध्याकाळ पुरली. लोइस चाळीस वर्षं तुमच्या मुलांना केक करून घालते आहे.

विषय पुढच्या महिन्यावर गेला. मग त्याच्या पुढच्या. वॉल्टर प्रत्येक बैठकीला यायचा, मागे बसायचा, कुणाला अडवायचा नाही. त्याला अडवावं लागलंच नाही.

उन्हाळा संपता संपता सभेच्या विश्वस्तांपैकी दोघे माझ्याकडे आले. घर सभेचं आहे, त्यात लोइस राहते म्हणजे सभेनं एक बाजू घेतल्यासारखं होतं, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, मग ती कुठे जाईल? त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि थोड्या वेळानं एकजण, ज्याच्या आईच्या मयताची उपासना मी चालवली होती तो, अतिशय सौम्यपणे म्हणाला, ‘सुमन, तुझं इथलं काम पूर्ण झालं आहे असं आम्हाला जाणवतंय.’ नोकरीवरून काढताना यापेक्षा मऊ वाक्य मी कुठे ऐकलेलं नाही.

नलूताईला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘अगं, माझं बेसमेंट रिकामंच आहे. मुलं कॉलेजला गेली, तिथे आता कुणी खेळतसुद्धा नाही. तिला घेऊन ये. तूही ये, दुसरी नोकरी मिळेपर्यंत. आणि हे बघ, माझ्याकडे कुणी मीटिंग घ्यायला येणार नाही.’

असं आम्ही दोघी नलूताईच्या बेसमेंटमध्ये राहायला गेलो. मला काही महिन्यांत त्याच हॉस्पिटलमध्ये काम मिळालं, आजाऱ्यांजवळ आणि मरणाऱ्यांजवळ बसण्याचं. पुढे निवृत्त होईपर्यंत मी तेच केलं, शिवाय शिकवणं. सभेची पाळकीण मी पुन्हा झाले नाही. लोइसला गावाबाहेरच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम लागलं. वरणभात तिला आवडायला लागला, फोडणीला मात्र ती शेवटपर्यंत घाबरायची. तेल तडतडलं की दचकून मागे सरायची, आणि नलूताई न बोलता गॅस बारीक करायची. मंडळात बोलणी झालीच. एका काकूंनी नलूताईला विचारलं, की अमेरिकन लोकांच्या भानगडीत आपण कशाला पडायचं. नलूताई म्हणाली, ‘वळ इथे आणि तिथे सारखेच दिसतात हो. मी दोन्हीकडचे बघितलेत.’ तेव्हापासून आम्हाला डेट्रॉइटची आमंत्रणं जरा कमी आली.

रूथनं आईशी बोलणं टाकलं. बाबांना म्हातारपणी एकटं सोडलं म्हणून. लोइस दर रविवारी फोनजवळ बसायची. कधी कधी मुलगी उचलायची आणि नातवाला फोन द्यायची, स्वतः बोलायची नाही. मी लोइसला एकदा विचारलं, उभी राहिलीस त्याचा पस्तावा होतो का? ती म्हणाली, पस्तावा नाही. पण आपण काय बोललो ते त्यांना नीट कळलंच नसेल, अजून स्पष्ट बोलायला हवं होतं, असं वाटतं. ती ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा रचायची. इतक्या वर्षांच्या मैत्रिणींना खरं वाटावं म्हणून कोणते शब्द वापरायला हवे होते, हे ती भाजी चिरतानाही शोधत असायची. मी तिला समजावायची, की दोष शब्दांचा नव्हता. तिला ते पटायचं नाही. तिचा त्या लोकांवर इतका विश्वास होता.

दशक सरत आलं होतं तेव्हा वॉल्टर गेला. शनिवारी कोर्टाच्या पायऱ्यांजवळ फलक धरून उभा असताना कोसळला. सगळे म्हणाले, संताचं मरण आलं.

स्मरणसभेला जायचं असं लोइसनंच ठरवलं. मी सोबत गेले. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. क्वेकरांच्या मयतात कुणा एकाचं भाषण नसतं. मौनातून एकेक जण उठतो आणि आठवण सांगतो. त्याचे विद्यार्थी उठले. त्याच्याबरोबर तुरुंगात असलेला एक म्हातारा काठी टेकत उठला. साल्वादोरचा तो बाप उठला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, या माणसानं माझ्या मुलांना आपल्या हातानं खोली रंगवून दिली, माझ्या मुलांना तो आजोबा होता. ते सगळं खरं होतं, हेच त्यातलं सगळ्यांत कठीण. लोइस प्रत्येकाचं लक्ष देऊन ऐकत होती. ती उठली नाही. रूथ पुढच्या बाकावर होती, तिनं मागे पाहिलं नाही.

नंतर लोइस सवयीनं स्वयंपाकघरात गेली आणि कप पुसायला लागली. एड्ना सिंकपाशी कप विसळत होती. फार म्हातारी झाली होती, ओट्याला टेकून उभी होती. मी दारात होते. दोघी बराच वेळ काम करत राहिल्या. मग मान वर न करता एड्ना म्हणाली, ‘लोइस, आम्हाला माहीत होतं.’

लोइसचे हात थांबले. ‘कधीपासून?’

‘रूथ पाळण्यात होती तेव्हापासून. सगळ्या बायकांना माहीत होतं. पुरुषांनाही असेल.’

लोइसनं हातातला कप पुसून पूर्ण केला. तो बाकीच्यांच्या रांगेत ठेवला, कोट घातला आणि बाहेर गाडीत जाऊन बसली. एड्नाकडे तिनं पाहिलंही नाही आणि तिच्याबद्दल वाईट शब्दही काढला नाही.

मी गाडी सुरू केली. दोन्ही बाजूंनी कापणी झालेली काळी शेतं होती. बरंच अंतर गेल्यावर ती बोलली.

‘त्यांना माझं खरं वाटलं नाही असं मी धरून चालले होते, सुमन. तेवढ्यावर मी जगत होते.’

मी धर्मशास्त्र शिकवणारी बाई. अशा वेळी काय म्हणायचं याचं मी शिक्षण घेतलं होतं, इतरांना देत होते. तिनं हातमोजे काढले, पुन्हा घातले, आणि घर येईपर्यंत आम्ही दोघी गप्प बसून राहिलो.